दोन युनिटची इनचार्ज केलंय, नेमकं करायचं काय?

सांगलीची_सिस्टर: नमस्कार, सांगलीत प्रायव्हेट हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, आता मेडिकल वॉर्ड आणि आयसीयू दोन्हीची इनचार्ज केलंय. ऑर्डर दिली पण काम काय ते कुणी नीट सांगेना. बरोबरीच्या मैत्रिणींना ड्युटी लावायची म्हणजे आधीच तोंडं वाकडी आणि रविवारचा ऑफ सगळ्यांनाच पाहिजे. सरकारीत परिसेविका, म्हणजे वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, काय काय बघतात?

मिरजेच्या_बाई: अगं आधी अभिनंदन. मी सरकारीतनं रिटायर झाले. इंडेंट म्हणजे स्टोअरकडनं सामान मागवणं, डेड स्टॉक म्हणजे टिकाऊ सामानाची नोंद, क्रॅश कार्टातल्या म्हणजे इमर्जन्सीच्या ट्रॉलीतल्या औषधांची एक्सपायरी, नार्कोटिकच्या (मॉर्फिनसारख्या औषधांच्या) कपाटाची किल्ली हे चालूच राहणार, खरी मेख ड्युटी लिस्टमध्ये आहे. खाटा मोजून माणसं लावू नकोस, पेशंट किती सिरीयस ते बघून लाव. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकाला एक नर्स पाहिजे, वर रजेसाठी 30 टक्के जादा स्टाफ धरायचा असं नर्सिंग कौन्सिलचं माप आहे. देत कुणी नाही म्हणा, पण कमी पडलेला स्टाफ दर वेळी मॅनेजमेंटला लेखी कळवत जा, तोंडी सांगितलेलं उद्या कुणालाच आठवत नसतंय.

कराडचा_ब्रदर: बाईंचं बरोबर पण लिस्ट लिस्ट करत इनचार्ज टेबलामागं बसली की वॉर्ड गेलाच म्हणून समजा. ड्युटी बदलताना हँडओव्हर पेशंटच्या खाटेपाशी घ्या, सलाईनची जागा सुजलीय का, कॅथेटर कधी घातलंय, पाठ लाल झालीय का, हे फाईलीत दिसत नाही. आणि दोन फ्रेशर एकत्र नाईटला कधीच लावू नका. चुकीचं इंजेक्शन भरलं आणि द्यायच्या आत लक्षात आलं तरी इन्सिडेंट रिपोर्ट लिहून घ्या, सगळ्यांसमोर झापू नका, नायतर पुढच्या वेळी पोरी लपवतात.

सातारकर७: मी नर्स नाही, वडील अ‍ॅडमिट होते तेव्हाचं सांगतो. गावाकडनं जीप भरून माणसं आलेली, जो तो सिस्टरला तेच विचारतोय. इनचार्ज बाईंनी सरळ सांगितलं, घरातला एकच माणूस ठरवा, त्यालाच सगळं सांगणार. चुलते चिडले जरा, पण सिस्टरांची कामं तरी सुरू झाली.

सांगलीची_सिस्टर: हे भारी आहे, करते. बाई, रविवारचं काय करू पण?

मिरजेच्या_बाई: रोटेशन लाव आणि महिन्याची लिस्ट आधीच बोर्डावर डकव. गेल्या दिवाळीला ज्या ड्युटीवर होत्या त्यांना यंदा सुट्टी. आणि एखाद्या सणाला तुझंही नाव टाक की, मग बघ कोण बोलतंय.