मदत हवी आहे : लघवीतलं ८-ओएचडीजी एलायझावर जास्त येतंय

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (शरीरातल्या ऑक्सिडीकरणाचा पेशींवरचा ताण) पाहण्यासाठी एकाच व्यक्तीच्या रक्तात एमडीए (स्निग्ध पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाची खूण) आणि लघवीत ८-ओएचडीजी (डीएनएच्या ऑक्सिडीकरणाची खूण) मोजतो आहोत. रक्ताचं जमलंय : ईडीटीए ट्यूब, लगेच सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मात बीएचटी (पुढचं ऑक्सिडीकरण रोखणारं रसायन), उणे ८० अंशांवर साठवण. लालसर प्लाझ्मा वगळतो, कारण हिमोलिसिसमुळे (तांबड्या पेशी फुटल्याने) एमडीएचं ५३२ नॅनोमीटरचं रीडिंग फसवं येतं.

अडचण लघवीची आहे. त्याच नमुन्यांत एलायझाचे (अँटिबॉडीवर चालणारी चाचणी) आकडे एलसी-एमएस/एमएसपेक्षा (मास स्पेक्ट्रोमीटरवरची मोजणी) बरेच वर जातात. अँटिबॉडी मिळत्याजुळत्या रेणूंनाही चिकटते, युरियाही अडथळा आणतो, हे माहीत आहे. नुसता ठरावीक पटीचा फरक असता तर चाललं असतं, पण नमुन्यांचा क्रमच (कोणाचा आकडा जास्त, कोणाचा कमी) बदलतो, आणि तेच मला जास्त खटकतं. गोठलेली लघवी ३७ अंशांवर आणून गाळ विरघळवला, सेंट्रिफ्यूज केली, डायल्यूशन बदललं. लघवी कमी-जास्त पातळ असल्याचा फरक जावा म्हणून दोन्ही आकडे क्रिएटिनिनने भागलेलेच आहेत.

मास स्पेक्ट्रोमीटर मोजक्याच नमुन्यांपुरता मिळतो, त्यामुळे बाकीचे एलायझावरच करावे लागतील. प्रत्येकाची लघवी थोडीच उरली आहे, नवे नमुने मिळणार नाहीत.

एलायझाआधी सॉलिड-फेज एक्स्ट्रॅक्शन (नमुना छोट्या स्तंभातून काढून नको ते रेणू वेगळे करणं) किंवा एलायझाचं इन्क्युबेशन ३७ऐवजी ४ अंशांवर, यांपैकी काही तुम्ही स्वतः केलं आहे का? एकच करणं शक्य असेल तर क्रम जुळायला कशाचा जास्त उपयोग होतो?