‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून सात लाख टन युरेनियम किती दिवस सांभाळायचं?

ओहायोची सीमा
‘अमेरिका सात लाख टन डिप्लिटेड युरेनियम मातीत घालायला निघाली आहे, हा पुढच्या पिढ्यांवर दरोडा आहे’ ही भास्कररावांची पोस्ट वाचून राहवेना, म्हणून वेगळा धागा काढते. डिप्लिटेड म्हणजे अणुभट्टीत सहज जळणारा भाग काढून घेतल्यावर उरलेलं युरेनियम. ते जिथे साठवलंय त्यातलं एक ठिकाण, ओहायोतलं पाइकटन (तिथल्या कारखान्याचं नाव पोर्ट्समथ), माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर आहे.

हा ‘ठेवा’ कसा सांभाळला ते ऐका. ते सात लाख टन म्हणजे धातू नाही, युरेनियमचं हेक्साफ्लोराइड (फ्लोरिनबरोबरचं संयुग) आहे. बारा फूट लांब, चार फूट व्यासाचे पोलादी सिलिंडर, भरलेल्या एकेकाचं वजन बारा टनांच्या वर, उघड्या यार्डात एकावर एक रचलेले. पावसात, बर्फात. १९९० मध्ये पोर्ट्समथच्या यार्डात त्यातल्या दोघांना भोकं पडलेली सापडली. हेक्साफ्लोराइडला हवेतला ओलावा लागला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं. १९८६ मध्ये ओक्लाहोमातल्या गोरला असाच सिलिंडर फुटला आणि त्या वाफेने एका कामगाराचा जीव घेतला. किरणोत्साराने नाही, आम्लाने.

त्याचं ऑक्साइड करायचे कारखाने उभारा, असा कायदा १९९८ चा. केंटकीतल्या पाडुकाचा आणि पोर्ट्समथचा असे ते कारखाने चालू झाले २०१०-११ ला. तोवर पाच दशकांहून जास्त काळ गेला ‘संपत्ती आहे, राहू द्या’ यात. संपत्ती म्हटलं की विल्हेवाटीचा पैसा काढावा लागत नाही, एवढाच त्या शब्दाचा उपयोग झाला. पुरा, पण एकदाचा निकाल लावा.

भास्कर_मुलुंड
सीमाताई, गोरचं उदाहरण इथे लागू होत नाही. तो माल डिप्लिटेड नव्हता, नैसर्गिक युरेनियमचा होता. सिलिंडर जादा भरला होता आणि वर तो तापवला, म्हणून फुटला. यार्डात गंजून नव्हे. भोकं पडलेल्या सिलिंडरांतही क्षाराची खपली धरून गळती मंदावते, हे तुम्ही सोडून दिलंत.

आता मुद्दा. डिप्लिटेडमध्ये जवळजवळ सगळं युरेनियम-२३८ असतं. ते ब्रीडरमध्ये (जळतं त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या अणुभट्टीत) घातलं की त्याचं प्लुटोनियम होतं आणि तेच जळतं. आपल्याकडे तारापूरला वापरलेल्या इंधनातून निघालेलं डिप्लिटेड युरेनियम कोणी पुरत नाही. कल्पक्कमच्या ब्रीडरच्या ब्लँकेटला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या थराला, तेच लागतं. मार्च २०२४ मध्ये तिथे गाभा भरायला सुरुवात झाली. रशियाचा बीएन-८०० हा ब्रीडर तर २०२२ पासून पूर्णपणे प्लुटोनियम-युरेनियमच्या मिश्र इंधनावर आहे. ज्या देशाकडे युरेनियमची चणचण आहे, त्या देशातल्या माणसाला हे पुरणं बघवत नाही.

ओहायोची सीमा
रसायन तेच आहे, भास्करराव. नैसर्गिक असो की डिप्लिटेड, फुप्फुसाला काही फरक पडत नाही.

आणि हिशेब करा. हजार मेगावॉटचा ब्रीडर वर्षाला साधारण एक टन जाळतो. सात लाख टन हेक्साफ्लोराइडमध्ये युरेनियम पावणेपाच लाख टनांच्या आसपास. असे शंभर ब्रीडर चालवलेत तरी साडेचार हजार वर्षं पुरेल. फ्रान्सने सुपरफेनिक्स बंद केला, जपानने मोंजू बंद केला, अमेरिकेने क्लिंच रिव्हर १९८३ मध्ये गुंडाळला. ते शंभर ब्रीडर आहेत कुठे?

भास्कर_मुलुंड
साडेचार हजार वर्षांची वीज! हे तुम्हीच मोजलंत आणि तुम्हीच म्हणता पुरा.

गॅमा_नाना
तुम्ही दोघं लाखो टनांवर भांडताय. मी एनडीटीतला (वस्तू न तोडता किरणांनी वेल्डिंग वगैरे तपासणारा) माणूस, मला वीस किलोची काळजी आहे. रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात इरिडियमच्या सोर्सभोवती, म्हणजे किरण सोडणाऱ्या गोळीभोवती, डीयूचा (डिप्लिटेड युरेनियमचा) ठोकळा असतो, मधून ‘एस’ आकाराची नळी जाते. किरण अडवायचं काम शिशापेक्षा लहान आकारात होतं. सोर्स काढला की सगळे त्याला ‘रिकामा’ म्हणतात. एका साइटवर असा रिकामा कॅमेरा स्टोअरच्या दाराला टेकू म्हणून लावलेला मी बघितलाय. ठेकेदाराच्या माणसाने भंगारवाल्याशी भावही ठरवला होता. मी किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर लावून दाखवला तेव्हा काटा हलला, आणि स्टोअरकीपर म्हणतो, मीटर बिघडलाय. दिवसभर तिथे हेल्पर पोरं डबा खायला बसत.

काठावरचा
नाना, विषयांतर. डीयूची किरणोत्सारिता नैसर्गिक युरेनियमच्या साठ टक्क्यांच्या आसपास. शेजारी बसून डबा खाल्ल्याने कोणी मरत नाही. उगाच घाबरवू नका.

गॅमा_नाना
घाबरवतोय? भंगारवाला गॅस कटर लावतो, साहेब! डीयूचा कीस पेट घेतो आणि तो धूर पोराच्या छातीत जातो. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीला लिलावातून भंगारात गेलेलं कोबाल्ट फोडलं आणि माणूस गेला. ते डीयू नव्हतं, माहीत आहे मला. पण वाट हीच होती. ज्याने अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज लावून रात्रपाळी केलेली नाही, त्याने ‘उगाच’ हा शब्द वापरू नये.

काठावरचा
आवाज खाली. कटरचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. टक्केवारीही बरोबर आहे.

जैतापूर_नको
नानांना +१. सगळ्यांचं शेवटी हेच होणार. पाइकटनची शाळा २०१९ मध्ये बंद करावी लागली, कारण तिथे युरेनियम आणि नेप्च्युनियम सापडलं. उद्या जैतापूर प्रकल्पाजवळच्या माडबनची शाळा.

ओहायोची सीमा
ती शाळा सिलिंडरांच्या यार्डामुळे बंद झाली नाही. तिथे समृद्ध युरेनियम सापडलं, तो यार्डाच्याच आवारातल्या, युरेनियम समृद्ध करणाऱ्या जुन्या कारखान्याचा वाद आहे. माझ्या बाजूने बोलताय म्हणून चुकीचं चालवून घेणार नाही. इथे माझ्या ओळखीच्या बाईंची नात त्या शाळेत होती. त्यांना नक्की काय झालं ते हवंय, घोषणा नकोत.

काठावरचा
मग पुरायचं कुठे, ते सांगा. युटा राज्यातली क्लाइव्हची कचरा पुरायची जागा बॉनव्हिल या प्राचीन सरोवराच्या तळावर आहे आणि हवामान फिरलं तर तिथे पुन्हा पाणी भरू शकतं. बाकीचा कमी किरणोत्साराचा कचरा काळाबरोबर थंड होतो, डीयू उलटं. त्यात रेडियम, रॅडॉन साठत जातात, दहा लाख वर्षं वाढतच राहतात. तरीही २००९ मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने त्याला कचऱ्याच्या सगळ्यात सौम्य ‘ए’ वर्गातच ठेवलं. उथळ खड्डा चालणार नाही.

ओहायोची सीमा
उथळ खड्ड्याला माझाही विरोध आहे. ऑक्साइड करा, कोरड्या जागी छपराखाली ठेवा, फ्रान्स आपल्या बेसीन गावी ठेवतो तसं. निघणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल उद्योगांना विकलं जातंच आहे. खोल पुरायचं की ब्रीडरला द्यायचं, ते नंतर ठरवा. पण ‘नंतर’ला तारीख आणि पैसा लावा. भास्करराव, यावर तरी हो म्हणा.

भास्कर_मुलुंड
ऑक्साइड करायला माझा कधीच विरोध नव्हता. तुम्ही ‘पुरा’पासून ‘छपराखाली ठेवा’पर्यंत आलात, तेवढं लिहून ठेवतो. तारखेचं मान्य. पैसा यार्ड भरणाऱ्यांनी द्यावा, हेही मान्य. पुरण्याला विरोध आहे आणि राहील.

गॅमा_नाना
आणि दाराच्या टेकूची तारीख कोण ठरवणार?