काम म्हणजे फक्त रोजी का? जिनिंगवाले, हमाल, आशाताई सगळ्यायनं बोला

हिंगणघाटकडचा: लग्नात एक पाहुणा म्हणे, काम पगारापुरतं करा, त्यात जीव गुंतवू नका. मले बिलकुल पटलं नाई. माहे मामा जिनात, म्हणजे कापसातली सरकी अन् रुई वेगळी करते त्या कारखान्यात, फिटर हायेत. डबल रोलर मशीनमधून पडलेली सरकी तळहातावर घेतात, तिले रुई चिकटून आली का फुटून आली पाहतात अन् सांगतात पात्याचं सेटिंग कुठं बिघडलं. सीझन सुरू झाला का दुसऱ्या जिनवाल्यायचे पण फोन येतात, गावात लहान पोरगं पण त्यायले फिटरमामाच म्हणते, अन् त्या नावावर त्यायचा जीव हाय. हे पगारात कसं मोजाचं?

मजुराचा पोरगा: दादा, फिटरचं वेगळं हाय. माही माय जिनात मशीनमंधी कापूस टाकते. दिवसभर धूळ नाकातोंडात, रुमाल बांधला तरी रातभर खोकते. दिवाळीच्या आसपास काम सुरू, उन्हाळ्यात बंद, मंग निंदणाची वाट पाहा. ठेकेदाराच्या वहीत तिचं आडनाव पण चुकीचं. तिले विचारलं का तू कोण तर म्हणते मजूर, दुसरं काही सांगतच नाई. यात मी कोणती ओळख शोधू?

मार्केटातला हमाल: पोराचं बरोबर हाय. आमच्या धंद्याले मान आला तो हक्कामागून आला. 1969 चा माथाडी कायदा झाला, जिथं जिथं मंडळात नोंदणी झाली तिथं मजुरी मंडळामार्फत, पीएफ, ग्रॅच्युइटी. त्याच्या आधी पाठीवर तेवढंच ओझं होतं पण विचारत कोण होतं?

गोंदियाची आशा: काका, थोडं वेगळं सांगतो. आमची योजना 2005 ची, अजून आमाले कर्मचारी मानत नाईत, स्वयंसेविका म्हणतात, मोबदला कामागणिक. मोर्चात मी पुढं असतो. पण दवाखान्यात बाळंतपण झालं का 3, 7, 14, 21, 28 अन् 42 व्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहा लागते. मागं एक कमी वजनाचं होतं, झोळीत टाकून काटा धरला तं आजी, सासू, नणंद सगळ्या त्या काट्याकडंच पाहत होत्या, वजन वाढलेलं दिसलं अन् आजीनं माहा हातच धरला. तो दिवस पैशासाठी नव्हता जी. पण पैसे नाई भेटले तं मी भांडीनच, दोन्ही माहेच हायत.

हिंगणघाटकडचा: ताईचं पटलं. पोरा, तुही माय पण नुसती मजूर नोहे. कापसाच्या सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर माल घेतच नाईत, त्याले मशीन लावा लागते. तुही माय मुठीत दाबून सांगत असन ओला का सुका.

मजुराचा पोरगा: सांगते ना, अन् बहुतेक वेळा बरोबर निघते. पण त्या मुठीचे वेगळे पैसे कोणी देते का? फिटरले देतात ते हुनर म्हणून, बाईचं हुनर रोजीतच धरून घेतात. माह्या रागाची जड हेच हाय.

मार्केटातला हमाल: आधी एक काम कर. मायची हजेरी अन् भेटलेले पैसे तारखेवार आपल्या वहीत लिव, सोबतच्या बायायचे पण. ठेकेदार नाकबूल झाला तं कामगार ऑफिसात दाखवाले काहीतरी पाह्यजे.

मजुराचा पोरगा: लिवतो काका, आजपासूनच. अभिमानाचं मात्र मले अजून पटलं नाई.