घरीच शाळा: कोणता विषय जमला, कोणता अडला? (सांगली-मिरजेकडचे अनुभव)

मुलाला तिसरीनंतर शाळेतून काढलं, त्याला आता चार वर्षं होतील. भेटेल तो एकच विचारतो, "मग पुढं दहावीचं काय?" गणित कसं घेता, विज्ञानाचं काय करता, हे फारसं कुणी विचारत नाही. खरी दमछाक तर तिथंच होते. म्हणून इथं विषयांवरच लिहूया. जमलेलं लिहा आणि अडलेलंही लिहा. सुरुवात मी करते.

सांगली, गावभाग. मुलगा ११ वर्षांचा. (गणित)

२०१९ ला आमच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. तेव्हापासून पावसाळ्यात उठल्या उठल्या घरात पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे मुलाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. गेल्या वर्षी त्याला वही करून दिली. रोज तारीख आणि पातळी लिहायची, किती चढलं ते काढायचं.

एक दिवस पाणी ३८ फूट ९ इंचांवरून ४१ फूट २ इंचांवर गेलं. त्यानं ४१.२ मधून ३८.९ वजा केले, २.३ लिहिलं आणि "दोन फूट तीन इंच चढलं" म्हणून आज्जीला सांगून आला. आज्जी बोटावर मोजून म्हणाली, "दोन फूट पाच इंच की रे." दोघंही हटेनात. शेवटी टेप आणून जिन्याच्या भिंतीवर खडूनं खुणा केल्या आणि तो स्वतः इंच मोजत वर गेला. पाच भरले. एक फूट बारा इंचांचा असतो, दशांश चिन्हापुढं मात्र दहाचा हिशोब चालतो, हे त्याला त्या जिन्यावर समजलं. मी दोन महिने वहीत समजावत होते, ते व्यर्थ गेलं होतं.

पुढं क्युसेकवर गाडी आली. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. बादल्या भरून झाल्या, मग कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचे आकडे तो स्वतःच लिटरमध्ये करून सांगायला लागला.

बीजगणित मात्र अडलं, आणि ते माझ्यामुळं. शाळेत मला त्याची धास्ती होती. क्ष दिसला की माझा आवाज बदलतो, आणि पोराला ते लगेच कळतं. आता गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे आठवड्यातून दोनदा जातो. मी तिथं थांबत नाही.

हरिपूर. मुलगी ९, मुलगा १२. (विज्ञान)

आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे हळद. स्पिरिटमध्ये हळद कालवून टीपकागदाच्या पट्ट्या रंगवल्या आणि वाळवल्या. चुन्याची निवळी, पापडखार, साबणाचं पाणी लावलं की पट्टी लाल, लिंबू पिळलं की परत पिवळी. मुलीनं लगेच विचारलं, "म्हणजे आज्जीचं कुंकू असंच झालंय का?" हळदीपासून कुंकू करतात ते असंच, हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं.

मुलाला वेड पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं. २००५ च्या महापुरात इथली बरीच पेवं खराब झाली. पण आमचे मामंजी सांगतात, पेवात उतरण्याआधी झाकण काढून बराच वेळ वारा लागू द्यायचा, मग दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर कुणी उतरायचं नाही. ज्वलनाचा अख्खा धडा त्या कंदिलात आला. पेवाच्या तोंडाशी मुलांना एकटं जाऊ देत नाही, हे मुद्दाम लिहिते.

मिरज. मुलगी १३. (अपूर्णांक, ध्वनी)

घरात जुनी सतार. षड्जाची तार मोजली तर घोडीपर्यंत (तार खाली जिच्यावर टेकते ती पट्टी) ९० सेंटीमीटर. त्या तारेवर वरचा षड्ज साधारण निम्म्यावरच्या पडद्यावर, पंचम घोडीपासून दोन तृतीयांशावर, मध्यम तीन चतुर्थांशावर. मुलीची मापं थोडी चुकत होती, ती रडकुंडीला आली. तंतुवाद्य करणाऱ्या एका काकांकडे नेलं. ते म्हणाले, "बाळ, पडद्यावर दाबलं की तार ताणली जाते. म्हणून आम्ही पडदा कानानं सरकवतो, पट्टीनं नाही." मग तिनं आपल्या वहीत "चूक" खोडून "ताण" लिहिलं.

तासगाव. मुलगा १०. (इंग्रजी, हिंदी)

हिंदीची काळजी करू नका, ती येते. इंग्रजी आम्ही दोघंही मराठी माध्यमातले, त्यामुळं बोलायला लाजायचो. आता रोज अर्धा तास तिघंही मोठ्यानं वाचतो, चुकत चुकत. एवढंच करतो.

विटा. मुलगा १५. (परीक्षा)

वर दहावीचा विषय निघालाय म्हणून. आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून दहावी करतोय. वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय. परीक्षा वर्षातून दोनदा असते आणि सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. त्यानं आधी मराठी आणि गृहविज्ञान दिलं, गणित शेवटी ठेवलंय. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, तोही बघून ठेवा.

पलूस. मुलगी १२. (इतिहास)

इतिहास आमचा सगळ्यात चांगला झाला. कुंडल जवळ, इंग्रजांच्या विरोधात लोकांनी चालवलेल्या प्रतिसरकारच्या गोष्टी घरोघरी. पुस्तकात चार ओळी, आणि इथं एकेक आज्जी तासभर बोलणारी. दोघांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला तर मुलगी दोन्ही लिहून ठेवायची, कुणाचंही खोडायची नाही.

तरी दोन वर्षांनी तिला परत शाळेत घातलं. तिला कबड्डी खेळायची होती. सात जणी लागतात, आणि घरात आम्ही तिघं. त्या गोष्टींची वही अजून चालू आहे, रविवारी दुपारी.