मदत हवी: जाड लॅब्रॅडॉरच्या लॅप स्पेला व्हेसल सीलर घ्यावा की बायपोलरवर भागेल?

सांगलीचा_व्हेट

नमस्कार मंडळी. माझं सांगलीत पेट क्लिनिक आहे. मादी कुत्र्यांची नसबंदी (लॅप स्पे) दुर्बिणीनं, दोन पोर्टमधून, म्हणजे पोटावरच्या छोट्या छिद्रांतल्या नळ्यांमधून करतो. गर्भाशय निरोगी असेल तर फक्त अंडाशयं काढतो. हत्यारं म्हणजे साधा बायपोलर (करंटनं चटका देऊन रक्तवाहिनी बंद करणारा चिमटा) आणि कात्री.

पॉमेरियन, पग यांना काही अडचण नाही. मला घाम फुटतो तो लॅब्रॅडॉरच्या वेळी. बाहेरून सुई घालून अंडाशय पोटाच्या भिंतीला टांगलं, तरी पेडिकलमध्ये (अंडाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या देठात) चरबी इतकी की रक्तवाहिनी दिसतच नाही. मग चटका द्या, बायपोलर काढा, कात्री घाला, थोडं कापा, परत बायपोलर. मधेच धुरानं लेन्स पुसायला बाहेर. भूल लांबते, आणि पोटात गॅस भरलेला असल्यानं डायफ्रॅमवरचा दाबही तितकाच वेळ राहतो.

व्हेसल सीलर म्हणजे रक्तवाहिनी चिकटवून बंद करणारं यंत्र. त्याच्या कंपन्या ७ मिमीपर्यंतची वाहिनी सील होते म्हणतात. कुत्रीची ओव्हेरियन आर्टरी त्याहून कितीतरी बारीक. मग एवढा खर्च कशासाठी? शिवाय एक विक्रेता माणसांच्या हॉस्पिटलमध्ये वापरलेले, ईटीओ (गॅसनं निर्जंतुक) केलेले हँडपीस, म्हणजे सीलरचे हातात धरायचे दांडे, स्वस्तात देतोय. घ्यावेत का?

मांजरवाली_डॉक्टर

डॉक्टर, ७ मिमीचा आकडा आपल्या कामाचा नाहीच. फायदा आहे तो एकच हत्यार धरतं, सील करतं आणि कापतं यात. लिगाशुअरसारख्या व्हेसल सीलरमध्ये जबडा दाब देतो, करंट जातो, कोलॅजन-इलॅस्टिन वितळून भिंती एकमेकींना चिकटतात. टिश्यूचा रेझिस्टन्स यंत्र स्वतः मोजतं आणि करंट थांबवतं. साध्या बायपोलरमध्ये ‘पुरे’ कधी म्हणायचं ते तुमच्या नजरेवर.

पण यंत्राच्या बीपवर डोळे मिटून विश्वास नको. बीप म्हणजे सायकल पूर्ण झाली, इतकंच. टांगलेलं पेडिकल ताणलेलं असतं, तसंच सील केलं तर पूर्ण चिकटायच्या आत फाटू शकतं. आधी टांगलेला टाका जरा सैल सोडायचा. एकावर एक चढतील असे दोन सील द्यायचे, पातं अंडाशयाकडच्या बाजूला चालवायचं. मात्र अंडाशयाला फार खेटूनही नाही, तुकडा आत राहिला तर कुत्री पुन्हा माजावर येते. आणि जबड्यावरची काजळी दर वेळी पुसा. सील कच्चं होण्याचं हे कारण सगळे विसरतात!

जुना_सर्जन

वापरलेल्या हँडपीसबद्दल: आपल्याकडे पुन्हा वापरतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण लेबलवर ‘एकदाच वापरा’ लिहिलेलं असतं हेही खरं. स्वतःचा असेल तर त्याचा इतिहास ठाऊक असतो. केस संपल्यासंपल्या, रक्त सुकायच्या आत, एन्झाइमच्या पाण्यात टाकला होता की नाही, हे परक्या हँडपीसबद्दल कोण सांगणार? सांध्यात रक्त अडकतं, पातं बोथट होतं, इन्सुलेशनला चीर पडते. मी असला माल घेणार नाही.

अल्ट्रासॉनिकचा (करंटऐवजी कंपनांनी सील करणाऱ्या हत्याराचा) विचार असेल तर लक्षात ठेवा, बटण सोडल्यावरही त्याचं टोक तापलेलं असतं. लगेच आतडं किंवा प्लीहा हलवायला वापरू नका. आणि सीलर कुठलाही असो, ओपन सेट (पोट उघडून ऑपरेशन करायची हत्यारं) टेबलावर तयार हवाच.

सांगलीचा_व्हेट

आभार, मॅडम, सर. त्या विक्रेत्याला नाही कळवतो. पुण्यात एकांकडे सीलरचा जुना जनरेटर (हँडपीसला करंट देणारं यंत्र) आहे, त्याला कुठल्याही कंपनीचा हँडपीस चालतो का?

मांजरवाली_डॉक्टर

नाही चालत. आधी जनरेटरचं मॉडेल विचारा, मग त्याचा ५ मिमीचा हँडपीस अजून मिळतो का ते बघा, पैसे त्यानंतर. आणि लॅबचं अंडाशय ५ मिमीच्या पोर्टमधून ओढू नका, बर्सात (अंडाशयाभोवतीच्या पिशवीत) चरबी भरलेली असते, फाटतं. एक पोर्ट १० मिमीचा ठेवा.