मदत हवी आहे: बीएलओच उमेदवाराचा प्रचार करतोय

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. आमचे बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणजे गावातलेच झेडपी शाळेचे गुरुजी. माणूस चांगला, माझ्या पोराला पाढे त्यांनीच पाठ करून घेतले. पण झेडपी निवडणुकीचं वारं सुटल्यापासून एका इच्छुकाच्या मळ्यातल्या भरीत पार्टीत पंगतीला वाढायला हेच पुढे! परवा घरी आले. एका हातात मतदार यादी, दुसऱ्यात त्याच भाऊंचं कॅलेंडर. "नाव तपासून घ्या, अन् भाऊंकडे लक्ष असू द्या."

वर्तणूक नियमांनुसार झेडपी कर्मचाऱ्याला प्रचार करता येत नाही, एवढं माहीत आहे. घोळ पुढे आहे. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे यादीच्या कामापुरते ते भारत निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर धरले जातात, पण झेडपीची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. मग अर्ज तहसीलदारांकडे द्यायचा, प्रांताकडे की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे?

त्यांची नोकरी जावी असं मनात नाही, फक्त यादीचं काम दुसऱ्याकडे जावं. कॅलेंडरचा फोटो पुरावा म्हणून चालेल का? नाव गुप्त राहतं का? गाव लहान आहे हो, रोज पारावर तोंड दाखवायचंय. कुणी असा अर्ज केला असेल तर नमुना टाका.