मदत हवी आहे: उभं असताना तळपायावर कुठे किती भार येतो, हे स्वस्तात कसं मोजावं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत मागावर पूर्ण पाळी उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी इनसोल (चपला-बुटात तळव्याखाली घालायची गादी) बनवायचे आहेत. इनसोल घातल्यावर टाचेवरचा भार खरंच कमी होतो का, हे आकड्यांत दिसायला हवं. तळव्याचा दाब मोजणारी तयार प्रेशर प्लेट परवडत नाही. शाईचे ठसे घेतले, पण डाग दाबामुळे गडद झालाय की शाई जास्त लागल्यामुळे, ते कळत नाही. आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वापरता येतं.

प्रतिसाद १
व्हेलोस्टॅटची, म्हणजे दाबलं की विद्युतरोध कमी होणाऱ्या काळ्या प्लॅस्टिक शीटची, चटई करा. दोन पातळ प्लॅस्टिक शीटवर 10 मिमी रुंद तांब्याची टेप चिकटवा: एकीवर 16 आडव्या पट्ट्या, दुसरीवर 8 उभ्या. मध्ये व्हेलोस्टॅट. झाले 128 बिंदू. आर्डुइनो नॅनोच घ्या, त्याला 8 अ‍ॅनालॉग पिना असतात. उभी पट्टी प्रत्येकी एका पिनेला, तिथूनच 1 किलोओमचा रेझिस्टर ग्राउंडला. भर वजनात रीडिंग 1023 ला, म्हणजे कमाल आकड्याला, चिकटलं तर रेझिस्टर कमी करा.

आणि चटई इनसोलच्या वर, पायाला लागून ठेवा. खाली ठेवली तर इनसोलमधून पसरून आलेला भार मोजाल, तळव्यावरचा नाही. वर टॉवेल नको, त्यानंही दाब पसरतो. शहाबादी फरशी उंचसखल असते, म्हणून सगळ्याखाली 18 मिमी प्लायवूड.

धागाकर्ती
जोडून पाहिलं, दादा. आडव्या पट्ट्या मल्टिप्लेक्सरवर (एका वेळी एकच पट्टी जोडणारी चिप) आहेत. पाय नाही तिथेही दाब दिसतो!

प्रतिसाद १
न निवडलेल्या पट्ट्या अधांतरी राहतात, मग करंट शेजारच्या बिंदूंतून वळसा घेऊन येतो. मल्टिप्लेक्सर काढा, 74एचसी595 (8 आउटपुटची शिफ्ट रजिस्टर चिप) च्या दोन आयसी लावा: एका वेळी एकच पट्टी 5 व्होल्टवर, बाकी 15 शून्यावर. भुतं, म्हणजे हे खोटे दाब, जातील.

प्रतिसाद २
व्हेलोस्टॅटवर वजन तेच असलं तरी रीडिंग हळूहळू चढत राहतं. म्हणून प्रत्येकाचं रीडिंग उभं राहिल्यापासून ठीक 30 व्या सेकंदाला घ्या आणि दोन मोजण्यांमध्ये चटई मोकळी ठेवा. किलोपास्कलमध्ये नेमका दाब काढण्याच्या नादी लागू नका, टाच आणि चवडा यांचं प्रमाण बघा. कॅव्हानाघ व सहकाऱ्यांच्या 1987 च्या मोजणीत अनवाणी उभं असताना टाचेवर सुमारे 60 टक्के, मधल्या भागावर 8, चवड्यावर 28, बोटांवर 4 टक्के भार होता. अनवाणी रीडिंग याच्या आसपासही नसेल तर आधी पट्ट्यांची जोडणी तपासा.

दुसऱ्या पायाखाली चटईच्याच उंचीची फळी हवी. आकडे दुसऱ्यानं वाचावेत, ताई. उभा असलेला माणूस स्क्रीनकडे वाकला की भार लगेच चवड्यावर जातो.